जपानच्या जुन्या वाटा – 6 : न उघडलेली टेकडी, नवं कोरं देवस्थान

ओसाकाच्या दक्षिणेला साकाई नावाचं शहर आहे. तिथल्या मोझु स्टेशनवर उतरून थोडं चाललं की पाण्याने भरलेला रुंद खंदक लागतो आणि खंदकापलीकडे गर्द झाडी. नवख्या माणसाला ते राखीव जंगल वाटतं. ती झाडी खरं तर एका समाधीवर वाढली आहे. पाचव्या शतकात माणसांनी मातीची पाटी पाटी टाकून उभी केलेली ही टेकडी 486 मीटर लांब आहे.

मागच्या आठवड्यात आपण हानिवा पाहिल्या : अशा टेकड्यांवर ओळीने रोवलेल्या भाजक्या मातीच्या नळ्या, घोडे, माणसं. आज टेकडीपाशीच जाऊ आणि तिथून देवस्थानाच्या आणि बौद्ध मंदिराच्या दारापर्यंत.

या दफनटेकड्यांना जपानीत ‘कोफुन’ म्हणतात. ‘को’ म्हणजे प्राचीन, ‘फुन’ म्हणजे समाधी. तिसऱ्या शतकाच्या मध्यापासून सातव्या शतकापर्यंत राजे आणि सरदार यांच्यासाठी त्या रचल्या गेल्या. देशभरात लहानमोठ्या मिळून दीड लाखाहून जास्त कोफुन आहेत. सगळ्यांत मोठ्या टेकड्यांचा आकार जुन्या कुलपाच्या किल्लीच्या भोकासारखा असतो. एक टोक गोल, दुसरं पसरत गेलेलं. साकाईची ही टेकडी, दाइसेन कोफुन, त्यांतली सर्वांत मोठी. अवजड यंत्रं नसताना ती उभारायला किती कष्ट पडले असतील याचा अंदाज 1985 मध्ये एका जपानी बांधकाम कंपनीने काढला. ऐन भरात रोज 2,000 माणसं राबली असं धरलं, तरी काम 15 वर्षं 8 महिने चाललं असतं.

पण तिथे गेल्यावर दिसतं काय? खंदकाच्या काठाने प्रदक्षिणा घालायला तासभर लागतो आणि पूर्ण वेळ डोळ्यांपुढे फक्त पाणी आणि झाडं असतात. साकाईच्या नगरपालिकेच्या इमारतीत एकविसाव्या मजल्यावर सज्जा आहे. तिथूनही हिरवा डोंगरच दिसतो, आकार कळत नाही. समोरच्या बाजूला बारीक खडी पसरलेलं अंगण आहे, दगडी कुंपण आहे आणि त्यामागे तोरी, म्हणजे दोन खांब आणि वर दोन आडव्या तुळया असलेली पवित्र कमान. पाहुण्याने तिथे थांबायचं, वाकून नमस्कार करायचा, परतायचं. ही टेकडी सम्राट निन्तोकुची मानली जाते. तिचा कारभार राजघराण्याच्या खात्याकडे आहे आणि ते खातं समाधी उकरू देत नाही. अभ्यासकांना याची खंत आहे, कारण आत नेमकं कोण आहे हे उकरल्याशिवाय सिद्ध होत नाही. 2019 मध्ये इथला 49 कोफुनांचा समूह जागतिक वारशाच्या यादीत आला, तरी नियम बदलला नाही.

मलाही सुरुवातीला हा हट्ट वाटला होता. मग आसुकाला गेलो.

आसुका हे नारा प्रांतातलं भातशेतीचं गाव. स्टेशनबाहेर सायकल भाड्याने मिळते आणि दिवसभरात सातव्या शतकाची राजधानी पालथी घालता येते. इथे ताकामात्सुझुका नावाची एक ठेंगणी गोल टेकडी आहे. मार्च 1972 मध्ये तिच्या पोटात दगडी खोली सापडली. खोलीची उंची जेमतेम कमरेइतकी, पण गिलाव्यावर रंगीत चित्रं होती : पट्ट्यापट्ट्यांचे झगे घातलेल्या स्त्रिया, दिशांचे रक्षक प्राणी, छतावर तारे. सगळा देश हरखला. पुढे खोलीतली हवा आणि ओल राखायला खास व्यवस्था केली, तरीही चित्रांना बुरशी लागली आणि रंग विटू लागले. शेवटी 2007 मध्ये ती खोलीच दगड दगड सुटा करून बाहेर काढावी लागली. चित्रं वाचवण्याचं काम 2020 पर्यंत चाललं. तेराशे वर्षं मातीने जे सांभाळलं, ते माणसाची नजर पडल्यावर जेमतेम पस्तीस वर्षं जागेवर टिकलं. हे कळल्यानंतर साकाईच्या त्या बंद कुंपणाकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

टेकडी न शिवता राखायची, हे समजतं. इसेच्या देवस्थानात मात्र याच्या अगदी उलट रीत आहे. तिथली सूर्यदेवता अमातेरासूची वास्तू दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात. सम्राज्ञी जितो हिच्या काळात, 690 मध्ये, ही प्रथा सुरू झाली. मधल्या यादवीच्या काळात शंभरावर वर्षं ती खंडित झाली होती, तरी 2013 मध्ये बासष्टावी फेरी पूर्ण झाली. पुढची 2033 मध्ये येईल. मुख्य वास्तू कुंपणांच्या आड असते, तिच्या छपराचं टोक तेवढं दिसतं. तिच्या शेजारी तेवढाच मोकळा, खडी अंथरलेला चौथरा आहे आणि त्यावर एक छोटीशी लाकडी खोपी. पुढचं देऊळ त्या जागेवर उभं राहणार. ते झालं की आत्ताची जागा मोकळी होणार.

खांब पायाच्या दगडाशिवाय थेट जमिनीत रोवलेले, छप्पर गवताने शाकारलेलं, त्यामुळे वास्तू झिजणारच. पण वीस वर्षांच्या फेरीत सुताराचा हातही तयार होतो. तरुणपणी उमेदवारी, पुढच्या फेरीत मुख्य काम, म्हातारपणी देखरेख. एका फेरीला सरूच्या कुळातल्या हिनोकीची सुमारे दहा हजार झाडं लागतात; ती आपल्याच डोंगरात मिळावीत म्हणून देवस्थानाने 1923 मध्ये दोनशे वर्षांची लागवड आखली. जुनं लाकूड वाया जात नाही. आढ्याला पेलणारे खांब आधी देवस्थानात नेणाऱ्या उजी पुलाच्या तोरी होतात आणि आणखी वीस वर्षांनी दुसऱ्या गावच्या. इथे प्राचीन काय आहे? लाकूड नाही, ते घडवण्याची रीत.

होर्युजी हे बौद्ध मंदिर आणखी तिसरंच सांगतं. इथलं सुवर्णगृह आणि पाच मजली पॅगोडा जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींत मोडतात. तेराशे वर्षं त्याच जागी उभ्या आहेत. खांबाच्या बुंध्याशी वाकून पाहिलं तर गुपित दिसतं. जिथे लाकूड कुजलं तेवढाच भाग चौकोनी कोरून, त्या मापाचा नवा तुकडा रेषेत रेष मिळवून बसवलेला. पुढच्या कुणी तो तुकडाही बदलला असेल.

मराठी माणसाने या सुवर्णगृहात जरा जास्त वेळ थांबावं. इथल्या भिंतींवरच्या बोधिसत्त्वांची तुलना अभ्यासक आपल्या अजिंठ्याशी करत आले आहेत. आराई काम्पो हे चित्रकार रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून भारतात आले आणि त्यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. 1940 मध्ये होर्युजीच्या चित्रांच्या प्रतिकृती करायला घेतल्या, तेव्हा प्रमुख चित्रकारांत तेही होते. 1945 मध्ये ते गेले. 26 जानेवारी 1949 च्या पहाटे, प्रतिकृतींचं काम चालू असतानाच, सुवर्णगृहाला आग लागून चित्रं करपली. त्या धक्क्यातून 1950 मध्ये सांस्कृतिक वारसा जपण्याचा कायदा झाला आणि 26 जानेवारीला आजही देशभर मंदिरांत आग विझवण्याच्या कवायती होतात. करपलेल्या भिंती फेकल्या नाहीत. त्या आवारातच जपून ठेवल्या आहेत.

जाताना रीत पाळावी. इसेसारख्या शिंतो देवस्थानात तोरीपाशी किंचित वाकावं, वाटेच्या मधून चालू नये, कुंडावर आधी डावा मग उजवा हात धुऊन चूळ भरावी. देवापुढे दोनदा वाकून दोन टाळ्या, मग पुन्हा एकदा वाकणं. बौद्ध मंदिरात टाळी नाही, नुसते हात जोडायचे.

संध्याकाळी होर्युजीतून निघताना मी पुन्हा एका खांबापाशी गेलो. नव्या तुकड्याचा रंग जुन्या लाकडापेक्षा फिकट होता, पण दोन्हींच्या मधे नखही शिरलं नसतं. हा तुकडा बसवणाऱ्याने आपलं नाव कुठेही घातलेलं नाही. पुढच्या शतकात हा खांब उभा असावा, एवढीच त्याची इच्छा असणार.

(पुढच्या आठवड्यात : नाराच्या तोदाइजीतला महाबुद्ध आणि 752 मध्ये त्याचे डोळे रेखणारा भारतीय भिक्षू बोधिसेन.)