डेंगू दुसऱ्यांदा का जड जातो ?



मागच्या भादव्यात लातूरहून मामाचा फोन आला. मामाच्या मुलीला, म्हणजे आमच्या ताईला डेंगू झाला होता. चार दिवस अंग फणफणलं, डोळ्यांच्या मागं ठणका, सांधे धरलेले. पाचव्या दिवशी ताप उतरला. मामीनं देवापुढं साखर ठेवली. आणि त्याच संध्याकाळी ताईचं पोट दुखू लागलं, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले. मामानं तिला तसंच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. ताई वाचली.

पण मला एक कोडं पडलं. ताईला तीन वर्षांपूर्वीही डेंगू झाला होता. तेव्हा ती आठवड्यात बरी होऊन शाळेत गेली होती. आज्जी म्हणते, गोवर एकदा येऊन गेला की पुन्हा येत नाही. मग डेंगू दुसऱ्यांदा उलट जोरात कसा आला ? मी गुरुजींना विचारलं. त्यांनी फळ्यावर चित्रं काढून सांगितलं, ते मी माझ्या भाषेत लिहितो.

डेंगूचा विषाणू एक नाही, चार आहेत. चौघं चुलतभावासारखे, तोंडावळा एक पण माणसं वेगळी. पहिल्या जातीचा डेंगू होऊन गेला की आपलं शरीर त्याला ओळखून धरणारी प्रतिद्रव्यं तयार करतं. मग ती जात जन्मभर पुन्हा त्रास देत नाही. बाकीच्या तीन जातींपासून मात्र थोडे महिनेच बचाव होतो.

आता समजा दोन-तीन वर्षांनी दुसरी जात आली. जुनी प्रतिद्रव्यं तिला धरायला धावतात, पण पकड नीट बसत नाही. बैल आवरायचा तर वेसण धरावी लागते. शेपटी धरली तर बैल थांबत नाही, आपल्यालाच ओढत नेतो. इथं तसंच होतं. रक्तात भक्षक पेशी असतात, त्यांचं काम जंतू गिळून मारणं. प्रतिद्रव्य चिकटलेलं दिसलं की त्या दार उघडतात. पण हा विषाणू मेलेला नसतो. तो आत शिरतो आणि त्याच पेशीत आपली पिल्लावळ वाढवतो. म्हणजे राखणदारच चोराला हाताला धरून घरात आणतो ! मला तर हे ऐकून खरंच वाटेना.

तेव्हा गुरुजींनी क्यूबा देशाची गोष्ट सांगितली. तिथं १९७७ साली पहिल्या जातीची साथ आली, बहुतेकांना साधाच ताप आला. १९८१ साली दुसरी जात आली. तेव्हा ३,४४,२०३ रुग्ण झाले आणि १५८ माणसं दगावली, त्यांत १०१ लेकरं होती. पुढं १९९७ साली तिथल्या सांतियागो शहरात दुसरी जात पुन्हा आली. तेव्हा ज्यांना जड गेलं ते बहुतेक मोठी माणसं होती, १९७७ च्या साथीतून गेलेली. वीस वर्षं झाली तरी शरीर जुनी ओळख विसरलं नव्हतं.

विषाणू वाढला की शरीराची सगळी फौज उठते. ज्वारीत रानडुकरं शिरली की गाव काठ्या घेऊन धावतं. डुकरं पळतात, पण धावणाऱ्यांच्या पायांखालीही पीक आडवं होतं. अशा वेळी कुणीतरी वडीलधारा लागतो, जो म्हणेल, "बस, आता थांबा." आपल्या रक्तातही अशा आवर घालणाऱ्या पेशी आहेत. त्यांना नियामक पेशी म्हणतात. बहुतेक रुग्णांत आवर वेळेवर पडतो, म्हणून दुसऱ्या डेंगूतूनही बहुतेक माणसं बरीच होतात. पण कधी फौजेनं सोडलेली रसायनं आवरत नाहीत. त्यांनी आणि विषाणूच्या एका प्रथिनानं बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर सैल पडतं. रक्तातलं पाणी झिरपून पोटात, छातीत साठतं. रक्त घट्ट होतं आणि नाडी जलद पण क्षीण लागते.

आणि हे होतं कधी ? ताप उतरताना ! साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. तोवर विषाणू कमी झालेला असतो, पण फौज अजून धावतच असते. ताईचं हेच झालं. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी, गुंगी, यातलं काहीही दिसलं तर त्याच वेळी दवाखाना गाठावा. ही गळती एक-दोन दिवस चालते. नंतर तेच पाणी परत रक्तात येतं. म्हणून डॉक्टर सलाईन मोजून देतात. "आणखी एक बाटली लावा" म्हणून मागं लागू नये.

आपल्याकडं "पांढऱ्या पेशी कमी झाल्या" असं म्हणतात, पण लोकांना बहुतेक वेळा प्लेटलेट म्हणायचं असतं. त्या वेगळ्या, रक्त गोठवणाऱ्या. त्यांतल्या काही कमी तयार होतात आणि काही आपल्याच फौजेच्या तडाख्यात सापडतात. पण नुसत्या त्या आकड्याला घाबरून रक्तगळतीकडं दुर्लक्ष होतं, ते वाईट. तापाला पॅरासिटामॉल चालतं. अॅस्पिरिन किंवा अंगदुखीच्या इतर गोळ्या मनानं घेऊ नयेत, त्यांनी रक्तस्राव वाढतो. बकरीच्या दुधावर माझ्या आज्जीचा फार भरवसा, पण त्यानं डेंगू बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही. (आज्जी हे वाचणार नाही, म्हणून लिहिलं.)

सर्व जातींवर चालेल अशा देशी लसीची मोठी चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली. लस चारही जातींवर सारखी चालावी लागते. अर्धवट चालली तर तीच पहिल्या डेंगूसारखी ठरायची, म्हणून हे काम अवघड.

राहिला डास. तो दिवसा चावतो आणि स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. आपल्या मराठवाड्यात पाणी साठवल्याशिवाय भागत नाही. २०१६ साली मांजरा धरण आटलं, तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर आलं होतं. ज्यांनी ते दिवस काढले, त्यांना "बॅरल रिकामं करा" कसं सांगणार ? पण अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा बॅरल, रांजण उपसून आतली कड काथ्यानं घासायची आणि वर फडकं बांधायचं. अंडी कडेला चिकटून कोरडी राहिली तरी महिनोन्‌महिने मरत नाहीत, म्हणून नुसतं पाणी ओतून चालत नाही.

मागच्या शनिवारी आम्ही सातवीच्या मुलांनी गल्लीतले बॅरल बॅटरी लावून पाहिले. चार घरी अळ्या सापडल्या. सर्वांत जास्त अळ्या मात्र आपल्या शाळेच्या मागच्या फुटक्या माठात निघाल्या.