शेगडी व भिंत : एक इंच पोकळीचें महत्त्व

अमरकोशांत अग्नीचीं जीं अनेक नांवें दिलीं आहेत, त्यांत 'आश्रयाश' हें एक आहे. ज्याच्या आश्रयानें राहावें त्यालाच खाऊन टाकणारा, असा त्याचा अर्थ. घरांत शेगडी बसवितांना या नांवाचें स्मरण ठेवणें हिताचें आहे.

शहरांतून आतां वायूची शेगडी सर्वत्र झाली आहे. तथापि गांवच्या घरीं चूल व पाण्याचा बंब अद्याप पेटतात. आणि नोकरीनिमित्त हिमालयांत किंवा परदेशीं थंड मुलखांत राहणारीं आपलीं मुलेंबाळें उबेसाठीं लांकडावर चालणारी लोखंडी शेगडी बसवितात. निव्वळ दगडाविटांच्या भिंतीस फारसें भय नसतें. परंतु भिंत कुडाची, फळ्यांची, अगर वरून गिलावा असून आंत लांकडी सांगाडा असलेली असेल, तर विचार करणें प्राप्त आहे.

लांकूड पेटण्यास ज्वाळेचा स्पर्शच व्हावा लागतो असें नाहीं. रोज थोडी थोडी आंच लागत राहिली म्हणजे त्यांतील ओलावा निघून जातो, तें काळवंडतें, आणि कालांतरानें ताज्या लांकडापेक्षां कमी तापानेंही धुमसूं लागण्याचा संभव असतो. म्हणून 'इतक्या वर्षांत कांहीं झालें नाहीं' हें समाधान फसवें होय. गिलाव्याआड धुमसणारा विस्तव रात्रीं सारें घर निजलें असतां बाहेर पडला, तर सावध होण्यासही अवधि मिळत नाहीं.

पुष्कळ लोक भिंतीवर पत्रा ठोकून निर्धास्त होतात. पण पत्रा उष्णतेचा सुवाहक आहे. तो तापला कीं ती उष्णता सरळ मागील लांकडांत उतरते. तोच पत्रा भिंतीपासून एक इंच पुढें उभा केला, आणि मधली पोकळी खालीं व वर उघडी ठेवली, म्हणजे आंतील हवा तापून हलकी होते व वर निघून जाते. तिच्या जागीं खालून थंड हवा येते. शेगडी पेटती आहे तोंवर हा प्रवाह अखंड चालतो आणि भिंत निवळ राहते.

अमेरिकेंतील अग्निप्रतिबंधाच्या प्रमाणनियमांत याचा हिशेब आहे. कारखानदारानें अंतर ठरवून न दिलेली शेगडी उघड्या लांकडी भिंतीपासून ३६ इंच दूर हवी. भिंतीस लगटून साडेतीन इंच जाडीच्या विटा रचल्या, तरी २४ इंच अंतर राखावेंच लागतें. उलट, एक इंच पोकळी सोडून नुसता जाड पत्रा लाविला तर १२ इंचांवर भागतें. विटांच्या जाडीपेक्षां वाहत्या हवेचें सामर्थ्य अधिक, हें यावरून दिसून येईल.

पत्रा उभा करण्यास चिनी मातीचे अथवा लोखंडी नळीचे लहान तुकडे मध्यें घालावे. स्क्रू कडेस असावेत, शेगडीच्या नेमके मागें नसावेत. धुराड्याची साधी एकेरी नळी लांकडापासून १८ इंच दूर ठेवावी. पूर्वीं या कामीं अ‍ॅस्बेस्टॉसचा पत्रा सर्रास वापरीत. त्याची धूळ फुप्फुसांस घातक असल्यामुळें तो आणूं नये, आणि घरांत जुना असल्यास स्वतः कापूं अगर फोडूं नये.

शेवटीं एक सोपी परीक्षा सांगतों. शेगडी चांगली पेटून तासभर झाल्यावर मागील भिंतीवर तळहात ठेवावा. तो सुखानें टेकवितां येत नसेल, तर शेगडी विझवून आणखी पुढें ओढावी. तिला पुन्हां पेटविण्याची घाई करूं नये.