तान्ह्या बाळाच्या टाळूवरील खपल्या

जयपूर शहरातील राजा पार्क ही वस्ती १९४७ च्या फाळणीनंतर पश्चिम पंजाब व सिंध येथून आलेल्या कुटुंबांमुळे वाढली. अशा घरांत मूल जन्माला आले, की त्याच्या अंगाला लावण्यासाठी सहसा मोहरीचे तेल काढले जाते. मोहरीच्या उत्पादनात राजस्थान देशात आघाडीवर असल्याने हे तेल तेथे हाताशीच असते. कोकणात हेच काम खोबरेल तेल करते. देशावर तिळाचे, करडईचे, क्वचित शेंगदाण्याचेही तेल वापरतात. सधन शहरी घरांत अलीकडे ऑलिव्हच्या तेलाची बाटली दिसू लागली आहे. तेल कोणतेही असो, बाळाच्या टाळूवर पिवळसर खपल्या दिसू लागल्या की त्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रीचा सल्ला मात्र सगळीकडे एकच असतो : तेल लावा आणि राहू द्या. या सल्ल्याचा पहिला अर्धा भाग उपयोगी आहे. दुसऱ्या अर्ध्या भागाविषयी विचार करावयास हवा.

या विकाराची सुरुवात बहुधा जन्मानंतरच्या तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत केव्हातरी होते. टाळूवर, कधी कपाळाच्या वरच्या कडेला किंवा भुवयांत, तेलकट, मेणचट, पिवळट किंवा तपकिरी खपल्या धरतात. त्या एकमेकींना चिकटून जाड थर होतो व डोक्यावर घट्ट टोपी घातल्यासारखे दिसते. कानामागे, मानेच्या घडीत आणि जांघेतही असा लालसरपणा येऊ शकतो. पाहणाऱ्याला हे दृश्य किळसवाणे वाटते. बाळाला मात्र त्याचे काहीच वाटत नाही. ते नीट दूध पिते, झोपते, त्याचे वजन वाढते आणि डोके खाजविण्याची त्याला विशेष गरज वाटत नाही. ‘बाळाला नीट न्हाऊ घातले नाही, म्हणून खवडे झाले’ हा ठपका बाळंतिणीवर ठेवला जातो, तो सर्वस्वी अन्यायाचा आहे. हा विकार अस्वच्छतेमुळे होत नाही, आईच्या खाण्यापिण्यामुळे होत नाही आणि एका मुलापासून दुसऱ्याला लागतही नाही.

वैद्यकात यास सेबोऱ्हिक डर्माटायटिस असे नाव आहे. पॉल गेर्सन उना या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने १८८७ मध्ये या विकाराचे वर्णन केले. त्याचे मूळ त्वचेतील स्नेहग्रंथींत असते. गर्भावस्थेच्या अखेरच्या काळात या ग्रंथी चांगल्याच कार्यक्षम असतात. नवजात बालकाच्या अंगावरील पांढऱ्या चिकट लेपात त्यांच्याच स्रावाचा मोठा वाटा असतो. वारेतून आलेली आईची हॉर्मोने हे त्यांच्या कार्यक्षमतेचे एक कारण मानले जाते. जन्मानंतर काही महिन्यांत हा प्रभाव ओसरतो, ग्रंथी आकसतात आणि पौगंडावस्था येईपर्यंत जवळजवळ निद्रिस्त राहतात. तान्हेपणी दिसलेला विकार मधली अनेक वर्षे नाहीसा होऊन पुढे ऐन तारुण्यात कोंड्याच्या रूपाने का भेटतो, याचा उलगडा यावरून होतो.

परंतु केवळ स्राव अधिक झाला म्हणून खपल्या धरत नाहीत. येथे एका सूक्ष्म कवकाचा संबंध येतो. लुई-शार्ल मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७४ मध्ये डोक्यावरील कोंड्यात हे सूक्ष्मजीव पाहिले व पुढे त्याच्याच नावावरून त्यांना मालासेझिया हे नाव मिळाले. हे कवक जवळजवळ प्रत्येक माणसाच्या कातडीवर वस्तीला असते आणि एरवी निरुपद्रवी असते. त्याचे वैशिष्ट्य असे, की स्वतःला लागणारी वसाम्ले ते स्वतः तयार करू शकत नाही. यजमानाच्या त्वचेवरील तेलातून ती त्याला मिळवावी लागतात. तेलाचे विघटन करताना जे पदार्थ मागे राहतात, त्यांनी काहींच्या त्वचेचा दाह होतो, तिच्या पेशी घाईने तयार होतात आणि पुरत्या सुट्या न होता थरांनी गळू लागतात. त्यांनाच आपण खपल्या म्हणतो.

प्रयोगशाळेत हे कवक वाढवावयाचे असेल, तर संवर्धन माध्यमावर चक्क ऑलिव्हच्या तेलाचा थर देण्याची पद्धत आहे. तेल नसेल तर ते वाढतच नाही. ही एक गोष्ट लक्षात घेतली, म्हणजे टाळूवर रात्रंदिवस तेल जिरवत ठेवण्याने काय साधते, हे वेगळे सांगावयास नको. अकरा किंवा त्याहून अधिक कार्बन अणूंची साखळी असलेली वसाम्ले या कवकाला चालतात. आणि मोहरी, तीळ, शेंगदाणा, नारळ, सूर्यफूल यांपैकी कोणत्याही तेलात तशी वसाम्ले विपुल असतात. तेव्हा ‘अमुक तेल नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक आहे’ असे म्हणण्यात अर्थ नाही. कवकही तितकेच नैसर्गिक आहे.

टाळूला तेल लावण्याची चाल मात्र फार जुनी आहे. नवजात बालकाच्या टाळूवर तेलात भिजविलेला कापसाचा बोळा ठेवावा, असे चरकसंहितेच्या शारीरस्थानात सांगितले आहे. महाराष्ट्रात याच चालीला ‘टाळू भरणे’ म्हणतात. कवटीची हाडे पुढच्या बाजूस जेथे अद्याप जुळलेली नसतात, ती ही मऊ जागा. तेल जिरवल्याने ती लवकर भरून येते, हा समज सार्वत्रिक आहे. वस्तुतः हाडांची वाढ आतून होते आणि सर्वसाधारणपणे दीड वर्षापर्यंत ही जागा आपोआप बुजते. तेल मेंदूपर्यंत पोचत नाही, कारण मध्ये कातडी आणि मेंदूवरील चिवट आवरणे असतात. याच आवरणांमुळे टाळू हलक्या हाताने धुतल्याने तिला इजा होण्याचे भय नसते. पुष्कळ घरांत ‘टाळूला हात लावू नये’ या धास्तीने नेमकी तीच जागा न धुता राहते, आणि खपल्यांचा थर तेथेच सर्वांत जाड असतो.

याच ओघात आणखी एक गोष्ट सांगावयास हवी, कारण ती जिवावर बेतणारी आहे. जुलाब-उलट्या झालेल्या बाळाची टाळू खोल गेलेली दिसली, तर ‘टाळू पडली’ असे म्हणून तीवर तेल घालत बसणे धोक्याचे असते. शरीरातील पाणी कमी झाल्याची ती खूण असते. अशा वेळी अंगावरचे दूध चालू ठेवून व जलसंजीवनी पाजत बाळाला तत्काळ दवाखान्यात न्यावे.

जुन्या परंपरेत तेलामागून नेहमी न्हाणे येत असे, हे आज विसरले जाते. माळीश झाली, की मसुरीचे किंवा हरभऱ्याचे पीठ लावून ऊन पाण्याने बाळाला न्हाऊ घालीत. म्हणजे तेल लावणे आणि तेल काढणे ही एकाच क्रियेची दोन अंगे होती. दुसरे अंग गळून पडले आणि पहिलेच उरले, तर त्या परंपरेचा अर्थच उलटा होतो.

तेलांची निवड हा प्रश्न गौण असला, तरी निरर्थक नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उंदरांच्या त्वचेचे संरक्षक आवरण मुद्दाम दुखावून त्यावर निरनिराळी तेले लावून पाहिली. सूर्यफुलाच्या तेलाने ते आवरण लवकर सावरले. मोहरी, ऑलिव्ह आणि सोयाबीन यांच्या तेलांनी सावरण्यास उलट उशीर झाला. इंग्लंडमधील शेफील्ड येथे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात प्रौढ स्वयंसेवकांच्या हातांना काही आठवडे ऑलिव्हचे तेल लावले असता त्वचेचे आवरण कमकुवत होऊन सौम्य लाली आली. सूर्यफुलाच्या तेलाने तसे झाले नाही. पहिल्यात ओलेइक अम्ल अधिक व दुसऱ्यात लिनोलिक अम्ल अधिक, असे या फरकाचे कारण दिले जाते. मोहरीच्या तेलातील झणझणीत घटकाने तर नाजूक कातडी थेट चुरचुरते. ज्या वासामुळे ते ‘शुद्ध’ म्हणून ओळखले जाते, तोच या ठिकाणी दोष ठरतो.

महाराष्ट्रापुरते पाहता पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील अभ्यास उद्बोधक आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १२० नवजात बालके होती. काहींना करडईच्या, काहींना खोबरेल तेलाने पाच दिवस माळीश केली व उरलेल्यांना तेल लावले नाही. करडईच्या गटातील बालकांच्या रक्तात आवश्यक वसाम्लांचे, तर खोबरेलाच्या गटात संपृक्त वसाम्लांचे प्रमाण वाढलेले आढळले. त्वचेवर चोळलेले तेल काही अंशी शरीरात शोषले जाते, हे यावरून दिसते. हा अभ्यास खपल्यांविषयीचा नव्हता. पण बाळाच्या अंगाला काय लावावे याची निवड क्षुल्लक नाही, एवढे त्यावरून निश्चित समजते. दाह झालेल्या त्वचेवर शेंगदाण्याचे तेल लावण्याचा आणि पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी होण्याचा संबंध ब्रिटनमधील २००३ च्या एका पाहणीत आढळला होता. म्हणून लाल झालेल्या टाळूवर ते तेल टाळणेच बरे. ज्यातून कवकाला काहीच खाद्य मिळू नये असे वाटते, त्यांच्यासाठी औषधी प्रतीचे द्रव पॅराफिन हा साधा पर्याय आहे. ते खनिज तेल असल्याने त्यात वसाम्ले नसतात.

प्रत्यक्ष कृती सोपी आहे आणि तिला घाई चालत नाही. न्हाऊ घालण्यापूर्वी बोटांवर थोडे तेल घेऊन खपल्यांवर हळुवार लावावे व पंधरा-वीस मिनिटे थांबावे. खपल्या मऊ झाल्यावर मऊ केसांच्या ब्रशाने किंवा धुवट सुती कापडाने हलकेच चोळाव्यात. ज्या सुटतील त्या सुटू द्याव्यात. नखाने एकही खपली उचकटू नये. खालची कातडी ओली राहून तेथून जंतूंना वाट मिळते. त्यानंतर बाळासाठीच्या सौम्य शाम्पूने डोके धुऊन, कोमट पाण्याने तेलाचा व फेसाचा अंश राहणार नाही असे स्वच्छ करावे व टिपून कोरडे करावे. खपली जाड असेल तर हा क्रम काही दिवस करावा लागतो. खपलीबरोबर थोडे केस निघाले तरी भिण्याचे कारण नाही. ते पुन्हा येतात.

घरगुती उपायांच्या यादीतील इतर पदार्थांविषयी थोडक्यात सांगता येईल. लिंबाचा रस आणि खाण्याचा सोडा यांनी कातडी जळजळते. पीठ निरोगी त्वचेवर चालत असले, तरी सोललेल्या टाळूवर त्याचे कण टोचतात. वेखंडाची पूडही तेथे नको. वर्षाखालील बाळाच्या तोंडात मध जाऊ देणे घातक असल्याने डोक्यावर मधाचा लेप देण्याची कल्पना सोडून द्यावी. कापूर घातलेले तेल तर कटाक्षाने वर्ज्य समजावे. कापराने तान्ह्या मुलांना आकडी येऊ शकते. बाजारातील कोंड्याची औषधे मोठ्यांसाठी असतात. त्यांतील सॅलिसिलिक अम्ल लहानग्यांच्या कातडीतून शोषले जाते, म्हणून तीही स्वतःच्या मनाने वापरू नयेत.

या सर्व उपचारांचा पुरावा किती, असे विचारल्यास उत्तर विनम्रपणे द्यावे लागते. २०१९ मध्ये कॉक्रेन या संस्थेने या विकारावरील चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा निकषांत बसणाऱ्या केवळ सहा चाचण्या सापडल्या आणि त्यांतील मुलांची एकूण संख्या ३१० होती. त्यांवरून कोणताही उपाय दुसऱ्यापेक्षा सरस ठरविता आला नाही. याचे एक कारण असे, की काहीही न करता बहुतेक मुलांचा हा विकार वर्षाच्या आत बरा होतो. त्यामुळे शेवटी जो उपाय केलेला असतो, त्यालाच श्रेय मिळते. महाराष्ट्रात जावळ काढले, राजस्थानात जडूला उतरविला आणि डोके स्वच्छ झाले, असे म्हणतात. पण तो विधी होईपर्यंत खपल्यांची मुदत बहुधा संपलेलीच असते. खपल्या असतानाच वस्तरा फिरविला, तर जखमेची भीती मात्र खरी.

काही वेळा टाळूवरील खपली वेगळ्याच आजाराची खूण असते. खपल्यांतून पाणी किंवा पू येऊ लागला, दुर्गंधी आली, ताप आला, लाली अंगभर पसरली किंवा बाळ खाजेने रात्री झोपेनासे झाले, तर तेलाची बाटली बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. टाळूवर किंवा जांघेत रक्त साकळल्यासारखे बारीक ठिपके दिसणे, बाळाचे वजन न वाढणे, जुलाब चालू राहणे किंवा वर्ष उलटूनही खपल्या न जाणे, ही लक्षणेही तितक्याच तातडीने दाखवावयाची असतात. जाताना निदान त्या दिवशी तरी डोक्याला तेल लावू नये, म्हणजे तपासणाऱ्याला त्वचा आहे तशी दिसते.