उताऱ्याच्या मुळाशी

भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले. हरेगाव, टिळकनगरला खासगी कारखाने आले. पुढे लोणीत विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांकडून भागभांडवल उभे केले, धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले आणि १९५०-५१ च्या हंगामात सहकारी कारखान्याची चाके फिरली. नगर जिल्ह्याच्या साखरेचा इतिहास आपण असाच सांगतो. त्यात खुद्द उसाला जागा मिळत नाही, याचे मला वाईट वाटते.

१९५० मध्येच ब्यूनस आयर्समध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ लुईस लेलुआर आणि सहकाऱ्यांनी ग्लुकोज वाहून नेणारा यूडीपी-ग्लुकोज हा रेणू ओळखला. १९५५ पर्यंत त्यांनी गव्हाच्या अंकुरातली ती विकरे, म्हणजे एन्झाइम, दाखवली, जी या ग्लुकोजची फ्रुक्टोजशी सांगड घालतात. उसाच्या पानातही साखर याच वाटेने घडते. १९७० साली लेलुआरना नोबेल मिळाले. त्याच सुमारास प्रथिनांवर साखर कशी चढते, या प्रश्नाकडे ते वळले होते. वनस्पतीच्या पेशीत डोलिकॉल या स्निग्ध रेणूवर चौदा शर्करांची साखळी आधी रचली जाते. मग एक विकर ती अख्खी उचलून प्रथिनातल्या अस्परॅजिन या अमिनो आम्लाला जोडते. पुढे पेशीच्या गॉल्जी या भागात तिची छाटणी होते, झायलोज आणि फ्युकोज या शर्करा जडवल्या जातात.

फडातल्या माणसाचा याच्याशी संबंध काय? उसाच्या पेशीतले आम्ल इन्व्हर्टेज हे असेच शर्करा जोडलेले प्रथिन आहे, आणि त्याचे काम साखर फोडण्याचे! कोवळ्या शेंड्यात ते भरपूर असते, म्हणून वाढे छाटून जनावरांना जाते, मोळीत बांधत नाहीत. तोड झाली की पक्व कांड्यांतही साखर फुटू लागते, जंतू त्यात भर घालतात. फुटलेल्या साखरेचे दाणे बनत नाहीत, ती मळीत जाते आणि उतारा, म्हणजे उसातून हाती येणाऱ्या साखरेचे प्रमाण, पडतो.

पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने १९३२ पासून आणि पुढे राहुरीच्या कृषी विद्यापीठाने वाणांवर मोठे काम केले. को ७४० गेला, को ८६०३२ आला, फुले २६५ आला. वाण बदलले, तरी तोडलेला ऊस रस्त्यावर वाळतोच. पाथर्डीकडून आलेल्या तोडणी मजुराची मजुरी टनावर, शेतकऱ्याचे पैसेही टनावर, त्यामुळे वाळून घटलेल्या वजनाची झळ दोघांना बसते. तोडीचा कार्यक्रम मात्र दोघांपैकी कुणीच आखत नाही. तो आखणाऱ्यांनी तोडीपासून कारखान्याच्या गव्हाणीपर्यंतचे तास उताऱ्याच्या आकड्याशेजारी रोज फळ्यावर लिहावेत.