चॉकलेटचे लाडू आणि आईची साखर

डिसेंबर उजाडला की आमच्या इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजी पत्र्याचा एक गोल डबा घेऊन दार वाजवतात. डब्यात त्यांनी घरी भाजलेली नाताळची बिस्किटे असतात. आमच्या श्टुटगार्टच्या बाजूला त्यांना ‘गुट्सले’ म्हणतात. शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही आपल्याकडची रीत आम्ही इथेही पाळतो. पहिली दोन वर्षे डबा चिवड्याने भरून परत गेला. आजींनी तो सकाळी दुधात घालून खाल्ला, असे पुढे कळले! तेव्हा काहीतरी गोड करावे असे ठरले. बिस्किटे भाजण्यात आजींशी स्पर्धा करण्याची आमची छाती नव्हती आणि भाड्याच्या घरातल्या जुन्या ओव्हनवर माझा विश्वासही नाही. म्हणून न भाजता होणारा पदार्थ निवडला, तो म्हणजे ट्रुफेल. जमिनीखाली उगवणाऱ्या ओबडधोबड काळ्या कवकासारखे दिसते म्हणून त्याला हे नाव पडले. आपण त्याला सरळ चॉकलेटचे लाडू म्हणू या, कारण वळण्याची क्रिया तीच.

कृतीकडे वळण्याआधी २०२३ च्या डिसेंबरमधली एक रात्र सांगितली पाहिजे. ती रात्र आली नसती तर आम्ही दुकानातला खोका आणूनच डबा भरला असता.

माझी आई त्या वर्षी तीन महिन्यांसाठी पुण्याहून आली होती. तिला चौदा वर्षांपासून मधुमेह आहे आणि त्यासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशा गोळ्या चालू आहेत. सगळीकडे चॉकलेटची रेलचेल असताना तिने नुसते बघत बसावे हे मला बरे वाटेना. म्हणून मी मोठ्या प्रेमाने ‘साखर न घातलेल्या’ चॉकलेटचा खोका आणला. “यात साखर नाही, तू खुशाल खा,” असेही वर सांगितले. आम्ही दोघे कामावर असताना आईने दुपारभरात विणकाम करता करता दहा-बारा चॉकलेटे संपवली. संध्याकाळी तिचे पोट बिघडले. चार-पाच वेळा जावे लागल्यामुळे ती रात्री जेवली नाही. मात्र गोळी चुकवायची नाही हा तिचा नेम, त्यामुळे गोळी तेवढी घेतली.

रात्री दीडच्या सुमारास बायकोला तिच्या खोलीतून आवाज आला. आई घामाने भिजली होती, हात थरथरत होते आणि बोलणे असंबद्ध. मशीनवर साखर ५८ आली. मी जवळ दिसलेली पहिली गोड वस्तू उचलली, ती होती साध्या चॉकलेटची वडी. बायकोने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि पेलाभर सफरचंदाचा रस आईला घोटघोट पाजला. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले तेव्हा ८४. मग पावाचा एक तुकडा खायला दिला. तिघेही पहाटेपर्यंत जागेच होतो.

त्या रात्रीच्या माझ्या चुका वाचकांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून लिहितो. साखर उतरलेली असताना चॉकलेट देऊ नये. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते आणि तेव्हा मिनिटामिनिटाला महत्त्व असते. फळांचा रस, साखरेचे पाणी किंवा इथे सुपरमार्केटात आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ‘ट्राउबेनत्सुकर’ म्हणजे ग्लुकोजच्या वड्या, हे खरे उपाय. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये आणि ताबडतोब ११२ ला फोन करावा. दुसरी चूक गोळीची. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन जेवण चुकले तर साखर खाली येऊ शकते. पोट बिघडले, उपास पडला, तर कोणती गोळी घ्यायची आणि कोणती नाही, हे डॉक्टरांना आधीच विचारून एका कागदावर लिहून ठेवावे. आमच्याकडे आता तो कागद फ्रिजवर लावलेला आहे.

कबूल करायला लाज वाटते, पण त्या पंधरा मिनिटांत माझ्या डोक्यात विम्याचाही विचार येऊन गेला. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो, तो आपण सगळेच काढतो. परंतु आधीपासून असलेल्या आजारांबद्दलचे कलम किती जण वाचतात? काही पॉलिसींमध्ये अशा आजाराचा खर्च वगळलेला असतो, तर काहींत तो फक्त अचानक उद्भवलेल्या गंभीर अवस्थेपुरता मिळतो. आईवडिलांचे तिकीट काढण्याआधी हे कलम वाचा, दोनचार युरो जास्त पडले तरी चालतील. फोन करायची वेळ आलीच तर मात्र विम्याचा विचार नंतर.

सकाळी चॉकलेटचा खोका उलटून पाहिला. साखरेऐवजी माल्टिटॉल होते. हा साखरेच्याच कुळातला गोड पदार्थ आतड्यात पूर्ण शोषला जात नाही, म्हणून जास्त खाल्ल्यास पोट सुटते. अशा पदार्थांचे प्रमाण दहा टक्क्यांपेक्षा जास्त असल्यास तशी सूचना छापणे युरोपात सक्तीचे आहे आणि ती सूचना तिथे बारीक अक्षरात होतीही. वाचली नव्हती ती मी. शिवाय माल्टिटॉल म्हणजे शून्य नव्हे. साखरेच्या एका ग्रॅमला ४ कॅलरी धरतात, तर लेबलावर याच्या २.४ धरतात. रक्तातली साखरही ते थोडी वाढवतेच. पूर्वी जर्मनीत ‘मधुमेहींसाठी’ असे लिहिलेली खास चॉकलेटे आणि बिस्किटे मिळत. मधुमेही माणसाला अशा खास पदार्थांची गरज नसते, असे तज्ज्ञांचे मत पडल्यावर कायदा बदलला आणि ऑक्टोबर २०१२ पासून तसे लेबल लावून विकणे बंद झाले. भारतातून येणारी मंडळी अजूनही ती आणायला सांगतात, त्यांना हे सांगावे.

पुढच्या वर्षी, २०२४ च्या डिसेंबरमध्ये, आई पुन्हा आली तेव्हा आम्ही ठरवले की खऱ्या साखरेचेच पण मोजलेले चॉकलेट घरी करायचे. मी पडलो इंजिनियर. स्वयंपाकघरातला वजनकाटा हे माझे एकमेव आवडते भांडे.

साहित्य असे. ७० टक्के कोको असलेले काळे चॉकलेट २०० ग्रॅम, म्हणजे नेहमीच्या दोन वड्या. ‘श्लागसाने’ म्हणजे ३० टक्के स्निग्धांशाची साय १०० मिली, म्हणजे नेहमीचा अर्धा कप. बिनमिठाचे लोणी २० ग्रॅम. चार वेलदोड्यांची पूड, एका संत्र्याची किसलेली साल, चिमूटभर मीठ आणि वरून लावायला बिनसाखरेची कोको पूड. संत्रे बायो घ्यावे, कारण इतर संत्र्यांच्या सालीवर बहुधा प्रक्रिया केलेली असते आणि ती खाण्याजोगी नसते. चॉकलेटऐवजी ‘फेटग्लाझुर’ नावाची स्वस्त लादी मात्र आणू नये. तिच्यात कोकोच्या लोण्याऐवजी दुसरीच चरबी असते आणि ती जिभेवर मेणासारखी लागते.

चॉकलेट सुरीने बारीक चिरून घ्यावे. मोठे तुकडे राहिले तर ते वितळत नाहीत आणि मग गुठळ्या होतात. साय वेलदोडा व साल घालून मंद आचेवर ठेवावी, कडेला बुडबुडे दिसले की उतरवून चॉकलेटवर ओतावी आणि दोन मिनिटे हात न लावता तशीच ठेवावी. हे दोन मिनिटे थांबणे आमच्या घरात फक्त आईला जमते. मग मध्यापासून सुरुवात करून हळूहळू बाहेरच्या बाजूला ढवळत जावे. मधे चकचकीत गोळा दिसू लागतो आणि तो वाढत वाढत सगळे मिश्रण एकजीव होते. शेवटी लोणी व मीठ घालावे.

पहिल्या खेपेस आमचे मिश्रण फाटले. साय फार उकळली होती, त्यामुळे तेल वेगळे होऊन वर तरंगू लागले. फेकून देण्याची गरज नसते. एक-दोन चमचे कोमट दूध घालून मधोमध जोराने ढवळले की ते पुन्हा सांधते. आई म्हणाली, “अरे, ताकातले लोणी काढायचे असते, तू चॉकलेटातले काढलेस.”

भांडे झाकून तीन तास फ्रिजमध्ये ठेवावे. मग चमच्याने सारखे गोळे काढून, हात गार पाण्याखाली धरून आणि पुसून, भराभर वळावेत. बेसनाचा लाडू गरम हातांनी छान वळतो, हा मात्र हातातच वितळतो. त्यामुळे पाच-सहा झाले की हात पुन्हा गार करावेत. वळलेले गोळे कोको पुडीत घोळवावेत. एवढ्या साहित्यात साधारण ३० गोळे होतात. साय असल्यामुळे ते फ्रिजमध्येच ठेवावेत आणि आठवड्यात संपवावेत. मिल्क चॉकलेट वापरायचे तर साय कमी, २०० ग्रॅमला सुमारे ७० मिली, नाहीतर मिश्रण घट्टच होत नाही.

आता हिशेब. माझ्या चॉकलेटच्या लेबलावर १०० ग्रॅममध्ये २९ ग्रॅम साखर होती (पोषणमूल्यांच्या तक्त्यात ‘दाफोन त्सुकर’ या ओळीत ती दिलेली असते). म्हणजे दोन वड्यांची ५८ आणि सायीतली ३, एकूण ६१ ग्रॅम. तिसांनी भागले तर एका गोळ्यात २ ग्रॅम साखर आणि सुमारे ५५ कॅलरी. तुलनेसाठी आईचे बेसनाचे लाडू घेतले. अर्धा किलो बेसन, पाव किलो तूप, ४०० ग्रॅम पिठीसाखर हे तिचे प्रमाण. ४० ग्रॅमच्या एका लाडवात साखर १४ ग्रॅम आणि कॅलरी २०० च्या घरात येतात, बेसनातले पिष्ट वेगळेच. हा आकडा ऐकून आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

यावरून काळे चॉकलेट हे औषध आहे असे कुणी समजू नये. दोन गोळे ते दोन गोळे, सहा खाल्ले तर हिशेब बदलतो. आईने डॉक्टरांना विचारून दिवसाला दोन, तेही दुपारच्या जेवणानंतर, असे ठरवून घेतले आणि रोजच्या आकड्यांशेजारी वहीत ‘चॉ २’ अशी नोंद ठेवली. आठवडाभरात आकडे तिच्या नेहमीच्या मर्यादेत राहिले. प्रत्येकाचे शरीर वेगळे असते, तेव्हा मशीनलाच विचारावे.

नाताळात बेकरीत मिळणाऱ्या ‘रुमकुगेल्न’बद्दलही एक सूचना. दिसायला हे ट्रुफेलचे थोरले भाऊ. बेकरीत ते उरलेल्या केकच्या चुऱ्यात कोको आणि रम घालून करतात. पदार्थ भाजला जात नाही, त्यामुळे रम फारशी उडून जात नाही, ती बरीचशी आतच राहते. सुट्या विकल्या जाणाऱ्या पदार्थांतही चौदा प्रकारच्या ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणे दुकानदाराला बंधनकारक आहे, पण त्या चौदांत मद्य येत नाही. मुले, गरोदर बाई किंवा मद्य न घेणारे पाहुणे घरी असतील तर काउंटरवर तोंडी विचारावे. तयार दुसरे काही हवे असेल तर ‘मार्झिपान कार्टोफेल्न’, म्हणजे बटाट्यासारखे दिसणारे बदामाचे छोटे गोळे, आपल्या जिभेला लगेच आवडतात. त्यात साखर मात्र भरपूर.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. त्या डिसेंबरमध्ये मी पावत्या जपून ठेवल्या होत्या. चॉकलेट ३.५८ युरो, आणि वापरलेल्या भागापुरते साय ०.६०, लोणी ०.१६, कोको ०.२८. वेलदोडे पुण्याचे, म्हणून फुकट. संत्र्याच्या फोडी आम्ही खाल्ल्या, तेव्हा तेही धरले नाही. बेरीज ४.६२, म्हणजे गोळ्याला साधारण १५ सेंट आणि किलोला १५ युरोच्या आसपास. मिठाईच्या चांगल्या दुकानात असेच गोळे १०० ग्रॅमला ८ युरोने, म्हणजे किलोला ८० ने, लावलेले होते. सुपरमार्केटातला खोका मात्र किलोला २० युरोच पडत होता. त्यामुळे घरी केल्याने पुष्कळ पैसे वाचतात असा दावा मी करणार नाही. त्या खोक्याच्या घटकांत पहिले नाव साखरेचे होते, आणि घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात एवढे लक्षात ठेवावे.

चॉकलेट महागले का, हे सगळेच विचारतात. जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. तिथे पावसाचा लहरीपणा आणि झाडांवरचा विषाणूरोग यांनी पीक घटले. २०२२ मध्ये टनाला अडीच हजार डॉलरच्या आसपास असलेला भाव डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात १२,००० च्या वर गेला. २०२५ अखेर तो निम्म्यावर उतरला, पण दुकानातल्या किमती तेवढ्या उतरल्या नाहीत. उत्पादक आपला कोको कितीतरी महिने आधी खरेदी करून ठेवतात. काही वड्या तर किंमत न बदलता, वजनाने बारीक झाल्या. म्हणून वडीची किंमत न पाहता शेल्फवरच्या पट्टीवरचा ‘ग्रुंडप्राइस’ पाहावा. मे २०२२ पासून तो किलोच्या किंवा लिटरच्या हिशेबाने लिहावा लागतो, त्यामुळे ९० आणि १०० ग्रॅमच्या वड्यांची तुलना एका नजरेत होते.

तीस गोळ्यांपैकी सोळा आजींच्या डब्यात गेले. त्यांच्या हातात डबा देताना घटकांची चिठ्ठीही दिली. दुसऱ्या दिवशी त्या जिन्यात भेटल्या आणि वेलदोडा ओळखला म्हणून फार खूश होत्या. त्यांच्या लेबकुखनमध्येही तो असतो म्हणे. उरलेल्या चौदांपैकी आईचे सात दिवसांचे चौदा, असा हिशेब तिने स्वतःच करून टाकला आणि डब्यावर तारीख लिहून तो फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवला. मला चमचा चाटायला मिळाला. उरलेल्या अर्धा कप सायीची तिने रविवारी बटाट्याची रस्साभाजी केली.