घरच्या बियाण्याचा टोमॅटो

बाजारात टोमॅटो बारा महिने मिळतो. तो तांबडा असतो, गोल असतो आणि टोपलीत आठवडाभर टिकतोही. मग जुन्या वाणाचे बी मिळवून परसात तो वाढवण्याचा खटाटोप कशासाठी? कारण चवीचे आहेच. पण त्याहून मोठे कारण बियाण्याचे आहे.

बाजारी पीक आज बहुतांशी संकरित बियाण्याचे. दूरच्या मंडईपर्यंत फुटू नये म्हणून जाड सालीचे, घट्ट गराचे फळ त्यासाठी निवडलेले असते. त्यात गैर काही नाही. नारायणगावच्या शेतकऱ्याला दुसरे फळ परवडणारही नाही. परंतु या फळातले बी पेरले तर पुढच्या पिढीत आईबापांचे गुण विखुरतात. एक झाड उंच, एक खुजे. एकाचे फळ आंबट तर दुसऱ्याचे पाणचट. म्हणून दरसाल नवी पुडी विकत घेणे आले. स्थिरावलेल्या जुन्या वाणाचे तसे नाही. टोमॅटोचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे आजीने पेरलेला वाण नातीच्या अंगणात जवळजवळ तसाच उगवतो.

ही नुसती कल्पना नव्हे. अमेरिकेतील आयोवा राज्यात ऑट नावाच्या कुटुंबाने जर्मनीतील बव्हेरियाहून आणलेले गुलाबी टोमॅटोचे बी पिढ्यान्‌पिढ्या जपले. आजोबांनी ते नात डायेन हिच्या हाती दिले आणि तिने पती केंट यांच्यासह १९७५ साली असे वाण सांभाळणारी संस्था काढली. आज ती ‘सीड सेव्हर्स एक्स्चेंज’ या नावाने ओळखली जाते. आपल्याकडे हीच देवघेव वानवळ्याच्या रूपाने चालत आली. २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्यानेही बी राखण्याचा आणि एकमेकांना देण्याचा शेतकऱ्याचा हक्क मान्य केला आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. जून-जुलैत किंवा पावसाळा सरताना कुंडीत बारीक माती व कुजलेले शेणखत घालून बी अर्धा सेंटीमीटर खोल पेरावे. साधारण महिन्याने रोप हलवताना ते देठाच्या निम्म्यापर्यंत मातीत पुरावे. टोमॅटोच्या देठालाच नव्या मुळ्या फुटतात, ही त्याची खासियत. जुने वाण पुष्कळदा उंच वाढतात, तेव्हा काठी व सुतळीचा आधार आधीच द्यावा. भर उन्हाळ्यात फुले गळतात. ते रोग समजून औषधे मारत बसू नये.

बी राखण्याची रीत मात्र नीट समजून घेण्यासारखी आहे. आपण उत्तम फळ खातो आणि उरलेसुरले बियाण्याला ठेवतो. व्हायला हवे नेमके उलटे. तेही एक सुरेख फळ पाहून नव्हे, तर सबंध झाड पाहून: निरोगी, भरपूर धरलेले, वाणाच्या खुणा बाळगणारे. फळ झाडावरच पूर्ण पिकू द्यावे. मग गर पिळून थोड्या पाण्यात दोन दिवस आंबवावा. बियांभोवतीचे बुळबुळीत आवरण उगवण रोखून धरते. आंबल्याने ते सुटते. वर साय धरली की ढवळावे, तरंगणारे पोचट बी टाकून द्यावे आणि तळाचे धुऊन ताटलीत सावलीला वाळवावे. कागदावर वाळवल्यास ते चिकटून बसते.

काही जुन्या वाणांत फुलाची कुक्षी परागकोशांच्या बाहेर डोकावते. तिथे मधमाश्या शेजारच्या झाडाचा पराग आणतात. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला तर वाण नाही पण गुण लागतो म्हणतात. इथे चक्क वाणच लागतो! अशा वेळी कळ्या उमलण्यापूर्वी एका घोसाला पातळ फडक्याची पिशवी बांधावी आणि बी त्याच घोसाचे धरावे.

कोरड्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत हे बी चारएक वर्षे सहज टिकते. बाटलीवर वाणाचे नाव, साल आणि ते कोणाकडून आले हे लिहून ठेवावे, व थोडे बी दुसऱ्या एखाद्या घरीही द्यावे. एका परसात वाण बुडाला, तरी मागायला जाता येते.