संशोधनलेखशोध
संशोधनलेखशोध : एखाद्या विषयावर संशोधनपर नियतकालिकांत प्रसिद्ध झालेले लेख विद्यापीठीय ग्रंथालयांतील डेटाबेसांच्या साहाय्याने शोधून काढण्याची पद्धत. ग्रंथालयाच्या तालिकेत ग्रंथाची नोंद असते. नियतकालिकाच्या अंकातील सुट्या लेखाची सहसा नसते. म्हणून लेखाचे शीर्षक, लेखक, सारांश व विषयशब्द नोंदविणारे डेटाबेस वापरतात. वैद्यकासाठी पबमेड, मानव्यविद्यांच्या जुन्या अंकांसाठी जेस्टोर आणि भारतीय प्रबंधांसाठी इन्फ्लिबनेट केंद्राचे शोधगंगा हे भांडार, ही त्यांपैकी परिचित उदाहरणे होत.

शोधातील खरी अडचण यंत्राची नसून शब्दांची असते. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील १९९२ मधील बालमृत्यूंमुळे जव्हार-मोखाडा भागातील कुपोषणाकडे देशाचे लक्ष वेधले गेले. त्यावरील लेखन केवळ ‘पालघर’ या शब्दाने शोधणाऱ्याच्या हातून जुने लेख निसटतात. कारण पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला, तत्पूर्वी हे तालुके ठाणे जिल्ह्यात होते. ठाण्याचे रोमन लेखन पूर्वी ‘थाना’ असे होई, तर वारली जमातीच्या नावाचे आद्याक्षर कोठे ‘व्ही’, कोठे ‘डब्ल्यू’ आढळते. अशी पर्यायी रूपे ‘ऑर’ने जोडून कंसात घालावी व भिन्न कल्पना ‘अँड’ने जोडाव्या. ‘नॉट’ मात्र जपून वापरावा. ‘मुंबई’ वगळली, की मुंबईच्या डॉक्टरांनी जव्हारविषयी लिहिलेला लेखही त्यांच्या पत्त्यामुळे गळण्याचा संभव असतो.

एक चांगला लेख मिळाला, की त्याच्या संदर्भसूचीवरून मागे आणि त्याचा उल्लेख करणाऱ्या लेखांवरून पुढे जाता येते. या दुसऱ्या मार्गाला यूजीन गारफील्ड यांच्या सायन्स सायटेशन इंडेक्स (१९६४) या सूचीने व्यापक रूप दिले.

जव्हारजवळील शिरपामाळासारख्या स्थळाच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. १६६४ च्या सुरत-स्वारीस जाताना शिवाजी महाराजांनी येथे तळ दिला व जव्हारच्या राजाने त्यांना शिरपेच अर्पण केला, अशी परंपरा आहे. तिची छाननी करावयाची, तर १८८२ चे ठाणे गॅझेटियर, भारत इतिहास संशोधक मंडळाचे त्रैमासिक आणि दाते, काळे व बर्वे यांची मराठी नियतकालिकांची सूची चाळावी लागते. मराठी नियतकालिकांतील बरेचसे लेखन आंतरराष्ट्रीय डेटाबेसांत नोंदलेलेच नाही. तेथे एकही लेख न आढळल्यास ‘या विषयावर लेखन झालेले नाही’, असे प्रबंधात लिहून टाकण्याची घाई अनेकदा होते; ती चूक होय.

नोंद सापडली म्हणजे लेख वाचावयास मिळेलच असे नाही. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या केंद्रीय योजनेखाली शासकीय उच्च शिक्षणसंस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके उपलब्ध झाली. संस्थेबाहेरच्या अभ्यासकाने प्रथम लेखकाने खुल्या भांडारात ठेवलेली प्रत शोधावी. ती नसल्यास लेखकाला पत्र लिहावे. पुष्कळ लेखक आनंदाने प्रत पाठवितात.